ड्रीम थिएटर: गोडी लागते कुठे, अडतं कुठे?

सातवी_तार (धागाकर्ता)

"ड्रीम थिएटर ऐकायला सुरुवात कुठून करू?" असं कुणी विचारलं की त्याच्या पदरात यादी पडते. या अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल (जड गिटारचं, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) बँडचे १९८९ पासून २०२५ पर्यंतचे सोळा स्टुडिओ अल्बम, वर लाइव्ह, वर 'हे आधी, ते नंतर'. विचारणारा पहिल्या आठवड्यातच दमतो आणि बँड सोडून देतो. म्हणून या धाग्यात यादी नको. गोडी नेमकी कोणत्या जागी लागते आणि कुठे अडखळायला होतं, एवढंच बोलू.

यांची गाणी आठ-दहा मिनिटांची, कधी वीस-पंचवीस मिनिटांची. पहिल्या ऐकण्यात नुसता पसारा कळतो. पाचव्या-सहाव्या खेपेला मात्र पुढची जागा यायच्या आधीच कानात वाजायला लागते, आणि गोडी लागते ती इथे. तेव्हा एकच गाणं घ्या आणि आठ दिवस तेच ऐका. माझ्या मते ते गाणं म्हणजे १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'मधलं 'मेट्रोपोलिस, भाग १'. लांबी ९ मिनिटं ३२ सेकंद.

पहिले दोन दिवस रोज एकदा, सलग. काम करता करता नको. फक्त तीन तुकडे ओळखायचे: आधी गायकी, मग चारेक मिनिटं नुसती वाद्यं, मग पुन्हा गायकी. शब्द कळले नाहीत तरी चालेल.

तिसऱ्या दिवसापासून मधल्या चार मिनिटांवरच मुक्काम. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण धरायला काही सापडत नाही. धरायची खूण अशी: एका जागी बाकी सगळे थांबतात आणि जॉन म्युंगचा बास एकटाच वाजतो. दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून वाजवलेला छोटासा तुकडा आहे, काही सेकंदांचाच. तो सापडला की त्याच्या आधीचं काय आणि नंतरचं काय अशी आपोआप वाटणी होते. मग गिटार आणि कीबोर्ड एकच सुरावट बरोबरीने पळवतात त्या जागा शोधा. आधी फक्त गिटारच्या मागे जायचं, दुसऱ्या दिवशी फक्त कीबोर्डच्या. एका बैठकीत दोन्ही नको.

सहाव्या दिवसापासून पुन्हा सलग. आता शेवटची गायकी कधी येणार हे आधीच कळू लागलं असेल, तर पुढच्या पायरीची वेळ झाली. ती म्हणजे १९९९ चा 'सीन्स फ्रॉम अ मेमरी', ७७ मिनिटं. या अल्बमच्या नावातच 'मेट्रोपोलिस, भाग २' आहे. मूळ गाण्याला 'भाग १' हे शेपूट गमतीने जोडलं होतं. चाहत्यांनी दुसऱ्या भागाची मागणी लावून धरली आणि बँडने खरंच अख्खा अल्बम रचला. जुन्या गाण्याच्या सुरावटी त्यात ठिकठिकाणी परत येतात. 'ओव्हर्चर १९२८'मध्ये पहिली ओळख पटते. 'होम'मध्ये पुन्हा भेट होते. 'द डान्स ऑफ इटर्निटी' हे तर नावच जुन्या गाण्याच्या अखेरच्या शब्दांतून उचललंय. भाग १ पाठ नसताना हा अल्बम ऐकला तरी चांगला वाटतो, पण पाठ असेल तर जुनं माणूस अनोळखी गावात भेटावं तसं होतं.

---

कानसेन

पद्धत पटली, गाण्याबद्दल मतभेद आहे. पहिलं दार 'पुल मी अंडर'च असावं. हा बँड जगाला कळला तो याच गाण्यामुळे. सव्वाआठ मिनिटांचं गाणं कापून छोटं केलं, रेडिओवर आणि एमटीव्हीवर वाजलं, आणि १९८५ मध्ये बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जमलेली ही मंडळी सात वर्षांनी घराघरांत पोचली. पुढे एक पिढी व्हिडिओ गेममधून आली. २००८ च्या 'गिटार हीरो वर्ल्ड टूर'मध्ये हेच गाणं होतं, आणि त्याच वर्षीच्या 'रॉक बँड २'मध्ये 'पॅनिक अटॅक'. ज्याला मेटलिका, आयर्न मेडन अशा मेटल बँडची सवय आहे त्याला 'पुल मी अंडर'चा रिफ (परत परत येणारा छोटा तुकडा) लगेच धरता येतो. 'मेट्रोपोलिस'चा मधला भाग तसा धरता येत नाही.

दोन सूचना. कापलेली आवृत्ती टाळा, पूर्ण घ्या. आणि हे गाणं शेवटी एकदम तुटतं, वाक्याच्या मध्यात सुरी चालवावी तसं. अनेक जण फाइल खराब आहे असं समजून दुसरीकडून उतरवतात. ते तसंच रचलेलं आहे. शब्द तेव्हाचा कीबोर्डवादक केव्हिन मूरचे, विषय हॅम्लेटचा. हॅम्लेटच्या मनातला मृत्यू ध्यानात घेतला की तो तुटका शेवट पटतो.

---

सातवी_तार

@कानसेन, पहिली चव म्हणून 'पुल मी अंडर' मान्य. माझी अडचण एवढीच की तो रिफ लगेच धरता येतो म्हणून माणूस तिथेच थांबतो आणि बाकीच्या अल्बममध्ये तसलंच दुसरं गाणं शोधत बसतो. तसं दुसरं नाहीच. मग म्हणतो, एकच गाणं चांगलं आहे. मेटलिकाच्या वाटेने येणाऱ्याला मी २००३ चा 'ट्रेन ऑफ थॉट' देईन. सात गाणी, ६९ मिनिटं, आणि त्यांच्या सगळ्यात जड अल्बमांपैकी एक. 'अ‍ॅज आय अ‍ॅम' ऐकवा, दोन मिनिटांत अंदाज येईल.

---

मध्यलय

मूळ अडसर लयीचा आहे, त्यावर कुणी बोललं नाही म्हणून जरा सविस्तर.

नव्या श्रोत्याची मान चारच्या हिशेबाने हलते. गाणं सातात किंवा पाचात असेल तर दुसऱ्या आवर्तनातच मान चुकीच्या जागी पडते आणि 'काहीतरी विस्कटलंय' असं वाटतं. विस्कटलेलं काही नसतं, मोजणी चुकलेली असते. आपल्याकडे तबल्याशी थोडी जरी ओळख असेल तरी हा अडसर चार दिवसांत जातो.

सराव ड्रीम थिएटरवर करू नका. पिंक फ्लॉइडच्या 'मनी'वर करा, कारण तिथे लय संथ आहे आणि सात मात्रा स्वच्छ ऐकू येतात. 'एक दोन तीन चार पाच सहा सात' असं तोंडाने म्हणू नका, 'चार' आणि 'पाच'वर जीभ लांबते आणि लय ओढली जाते. 'तकिट तक तक' म्हणा. तीन, दोन, दोन. सॅक्सोफोन वाजून संपेपर्यंत हे बरोबर बसतं. मग गिटारचा एकल तुकडा सुरू होतो आणि तुमची मोजणी घसरते. घाबरू नका, तिथे गाणं चारात गेलंय. गिटार संपली की पुन्हा सात. ही जी ये-जा आहे ती न चुकता पकडता आली की पुढे चला.

दुसरी पायरी, टूल या बँडचं 'स्किझम'. त्याचा रिफ पाच आणि सात असा जोडलेला आहे, मिळून बारा. बारा म्हटलं की आपला हात चौतालाकडे किंवा एकतालाकडे जातो, पण तसं मोजलं तर दोनदोनचे समान तुकडे पडतात आणि रिफचा झोक हरवतो. पाच मोजा, थांबू नका, सात मोजा.

तिसरी पायरी, ड्रीम थिएटरचं 'पॅनिक अटॅक', २००५. सुरुवातीचा बासचा रिफ पाचात आणि चांगलाच जलद. इथे प्रत्येक मात्रा मोजायला गेलात तर जीभ वळणार नाही. फक्त पाचातल्या पहिल्या मात्रेवर मांडीवर बोट टेका आणि मधलं सोडून द्या.

मग 'द डान्स ऑफ इटर्निटी'. सव्वासहा मिनिटांत शंभराहून जास्त वेळा मात्रांचा हिशेब बदलतो. हे गाणं मोजायचं नाही. मोजायला बसलेला माणूस पहिल्याच मिनिटात बाहेर फेकला जातो आणि मग हा सगळा कवायतीचा प्रकार आहे असा ग्रह करून घेतो. त्यात खुणा लावा. मध्येच जुन्या मूकपटाबरोबर वाजावा तसा रॅगटाइम पियानो येतो, ती एक. बासचा एकट्याचा छोटा तुकडा येतो, ती दुसरी. भाग १ च्या ओळखीच्या सुरावटी, त्या उरलेल्या. दहाएक वेळा ऐकल्यावर हात आपोआप बरोबर जागी पडतो, मोजणी न करता.

---

नादखुळा_कोल्हापूर

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक दुरुस्ती: 'तकिट तक तक' म्हटल्यावर रूपकाची आठवण होते, पण रूपकाची सम खाली असते. 'मनी'त पहिल्या मात्रेवर पूर्ण वजन आहे. तबला शिकलेल्या माणसाची टाळी सवयीने चौथ्या मात्रेवर पडेल आणि आवर्तन तिथून सुरू होतंय असं वाटेल.

---

मध्यलय

अगदी बरोबर, हे राहिलंच. हाताने टाळी-खाली दाखवू नका, नुसते बोल म्हणा.

---

खर्ज

लोक बँडला नावं ठेवतात तेव्हा निम्म्या वेळा दोष मोबाइलच्या सेटिंगचा असतो. क्रमाने सांगतो.

क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करणारं सेटिंग) बंद, म्हणजे शून्य सेकंद. शफल बंद. 'आपोआप मिसळणारं' काहीही असेल तर बंद. 'सीन्स'मधली बरीच गाणी एकमेकांत शिरतात. क्रॉसफेड चालू असेल तर एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो आणि रचनेचा सांधाच नाहीसा होतो.

एमपी३ फाइली असतील तर उलटा त्रास: सांध्यावर बारीकशी उचकी. कारण असं. एमपी३ मध्ये आवाज ११५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत भरतात. सीडीच्या दराने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एक ठोकळा साधारण २६ मिलिसेकंदांचा. गाण्याची लांबी ठोकळ्यांच्या हिशेबात नेमकी बसत नाही, म्हणून शेवटचा ठोकळा शांततेने भरून काढतात, आणि सुरुवातीलाही थोडी शांतता जोडली जाते. एरवी कळत नाही. दोन गाणी अखंड असतील तर टक्कन कळते. ही शांतता किती हे फाइलमध्ये नोंदवलेलं असेल आणि तुमचा प्लेअर ती नोंद वाचत असेल तर तो तेवढी कापून टाकतो. प्लेअरमध्ये 'गॅपलेस' पर्याय आहे का पाहा. नसेल तर फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता साठवणाऱ्या) फाइली घ्या, त्यात हा प्रश्नच येत नाही. यूट्यूबवर एकेक गाणं सुटं ऐकू नका, मध्ये जाहिरात आली की संपलं.

आवाज सारखा करणारं सेटिंग असेल तर ते अख्ख्या अल्बमला लागू हवं, प्रत्येक गाण्याला वेगळं नको. नाहीतर 'वेट फॉर स्लीप'सारखा अडीच मिनिटांचा शांत पियानो शेजारच्या गाण्याइतका मोठा होतो.

मोबाइलच्या स्पीकरवर हा बँड ऐकूच नका. सात तारांच्या गिटारच्या सातव्या तारेचा खर्ज षड्ज (इथे बी हा सूर) साधारण ६२ हर्ट्झचा, म्युंगच्या सहा तारांच्या बासची सगळ्यात जाड तार ३१ च्या आसपास. मोबाइलचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत पोचत नाही. उरतात वरचे सूर, म्हणून गिटार चरचरीत आणि बास बेपत्ता. साधे तारेचे इयरफोन चालतील, पण कानात घट्ट बसायला हवेत. इयरफोनची रबरी बोंडी लहान पडली की सगळ्यात आधी खर्ज गळतो. बोंडी बदलून पाहा, इक्वलायझरला हात नंतर.

इक्वलायझर लावायचाच असेल तर लोक खर्ज आणि तार दोन्ही वाढवतात, आणि मधे असलेले बास नि कीबोर्ड बुडतात. उलट करा. २५० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी, ८०० ते १००० च्या दरम्यान दोन डेसिबल जास्त. म्युंग बोटांनी वाजवतो, बोटांचा तो 'टक्' इथे मोकळा होतो.

---

आडवाट

वाद्यं आवडतात, पण गायक कानाला बसत नाही. बऱ्याच जणांची हीच तक्रार ऐकली आहे. यावर काही उपाय?

---

सातवी_तार

@आडवाट, तक्रार खूप जुनी आहे आणि उपाय आहे.

आधी गायकी बाजूला ठेवा. निव्वळ वाद्यांची गाणी घ्या: 'यत्सेजॅम' (१९८९), 'एरोटोमेनिया' (१९९४), 'स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस' (२००३). या शेवटच्यात सव्वाअकरा मिनिटं एकही शब्द नाही. अवांतर: 'यत्सेजॅम' म्हणजे 'मॅजेस्टी' हे नाव उलटं वाचलेलं. बँडचं मूळ नाव तेच होतं. त्या नावाचा दुसरा बँड निघाला म्हणून बदलावं लागलं, आणि कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या एका चित्रपटगृहाचं नाव घेतलं.

याच जोडीला 'लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट' हा १९९८ चा अल्बम ऐका. ड्रीम थिएटरचा गिटारवादक पेट्रुची, ड्रमवादक पोर्टनॉय, कीबोर्डवर जॉर्डन रूडेस आणि बासवर टोनी लेव्हिन. गायक नाही. रूडेस ड्रीम थिएटरमध्ये आला तो याच ओळखीतून.

आता गायक जेम्स लाब्रीकडे वळू. तो आधी लाइव्हमध्ये ऐकू नका. १९९४ च्या डिसेंबरात क्युबामध्ये सुटीवर असताना अन्नविषबाधा झाली आणि उलट्यांच्या जोराने त्याच्या स्वरतंतूंना इजा झाली. विश्रांतीऐवजी दौरे चालू राहिले. पुढच्या कित्येक वर्षांच्या लाइव्ह मुद्रणांत वरच्या पट्टीत त्याची ओढाताण ऐकू येते, आणि नेमकी तीच मुद्रणं यूट्यूबवर पुढे येतात. १९९२ च्या 'लर्निंग टू लिव्ह'मधला त्याचा सगळ्यात उंच सूर ऐका, मग खालच्या पट्टीतला 'द स्पिरिट कॅरीज ऑन'. आवाजाचं मोठेपण या दोन टोकांमध्ये कळतं. उंच सूर खुपत असतील तर दुसऱ्यापासूनच सुरू करा. गोष्ट कळल्यावर ते गाणं डोळ्यांत पाणी आणतं.

---

कानसेन

गोष्टीचा विषय निघालाच आहे तर 'सीन्स'बद्दल कळकळीची विनंती: कथानक आधी वाचू नका. एवढंच माहीत असू द्या की निकोलस नावाचा माणूस संमोहनाच्या उपचाराला जातो आणि १९२८ मध्ये खून झालेल्या व्हिक्टोरियाच्या आयुष्यात जाऊन पोचतो. शब्दांचा कागद समोर ठेवून एकदा, दिवे मालवून एकदा, या क्रमाने. शेवटच्या गाण्याच्या अगदी अखेरच्या सेकंदापर्यंत कान काढू नका. टाळ्यांची वेळ झाली असं वाटतं तिथे अल्बम संपत नाही.

शेवटच्या सेकंदाबद्दल आणखी. तिथे रेकॉर्ड प्लेअरसारखी खरखर उरते. ती तिथेच विसरू नका. २००२ च्या 'सिक्स डिग्रीज ऑफ इनर टर्ब्युलन्स'चं पहिलं गाणं त्याच खरखरीने सुरू होतं. त्या अल्बमची दुसरी सीडी म्हणजे ४२ मिनिटांची एकच रचना, आठ भागांत. तिचा शेवटचा लांब धरलेला सुरांचा मेळ (कॉर्ड) 'ट्रेन ऑफ थॉट'च्या तोंडाशी येतो. त्याचा शेवटचा पियानोचा सूर २००५ च्या 'ऑक्टाव्हेरियम'च्या तोंडाशी. आणि 'ऑक्टाव्हेरियम' स्वतःच्याच सुरुवातीपाशी येऊन मिटतो, तिथे साखळी बंद होते. चार अल्बम एकापाठोपाठ लावून फक्त सांधे ऐकायचे असतील तर प्रत्येकाची शेवटची तीस सेकंदं आणि पुढच्याची पहिली तीस सेकंदं लावा. अर्थात खर्ज यांनी सांगितलेला क्रॉसफेड शून्यावर असेल तरच.

---

पहाटवारा

पिंक फ्लॉइड आवडणाऱ्या, मेटल न ऐकणाऱ्या माणसासाठी दार कोणतं?

---

कानसेन

@पहाटवारा, 'ऑक्टाव्हेरियम' अल्बमचं शीर्षकगीत. २४ मिनिटं. पहिली काही मिनिटं मेटलचा मागमूस नाही. रूडेस कंटिन्यूअम नावाच्या वाद्यावर, ज्याच्या सपाट पृष्ठावरून बोट घसरवून मींड काढता येते, आणि लॅप स्टील गिटारवर वाजवतो. फ्लॉइडच्या श्रोत्याला घरी आल्यासारखं वाटेल. जडपणा हळूहळू चढत जातो, त्यामुळे दचकायला होत नाही. पचलं की २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये वाद्यवृंदासह वाजवलेली आवृत्ती 'स्कोअर'मध्ये आहे.

पेटीवर सूर ओळखता येत असतील त्यांच्यासाठी या अल्बममध्ये एक मोठी मौज आहे. आठवा अल्बम, आठ गाणी. पहिलं गाणं एफ या सुरावर, दुसरं जी, तिसरं ए, मग बी, सी, डी, ई, आणि आठवं पुन्हा एफ. म्हणजे सप्तक पूर्ण. पेटी घ्या, प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीचा आधारसूर शोधून पांढऱ्या पट्ट्यांवर एकेक घर उजवीकडे सरकत जा. गाण्यांच्या मधल्या जागांत जे आवाज आहेत ते काळ्या पट्ट्यांची जागा भरतात. अर्धा तास जाईल, पण सत्कारणी.

---

तर्जनी

गिटार वाजवणाऱ्यांचं दार वेगळं असतं. ते पेट्रुचीच्या मागे येतात, त्याची १९९५ ची 'रॉक डिसिप्लिन' ही शिकवणीची चित्रफीत पाहतात आणि पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाला भिडतात. तिथेच चुकतं.

एकच तुकडा घ्या, दोन आवर्तनांचा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, एका ठोक्याला चार सूर. पिक (तार छेडायची चकती) खाली-वर, खाली-वर, एकदाही न मोडता. लागोपाठ तीनदा स्वच्छ आलं तर ४ ने वाढवा. चुकलं तर १० ने मागे. दिवसाला वीस मिनिटं पुरे. १०० च्या आसपास बहुतेकांचं गाडं अडतं, आणि कारण क्वचितच डाव्या हातात असतं. तार बदलताना पिक खोल रुतते आणि बाहेर यायला वेळ लागतो. पिकचं टोक दोनेक मिलिमीटरच पुढे ठेवा, पिक किंचित तिरकी धरा. कोपरापासून हात ताठरला की थांबा. दुखऱ्या हाताने केलेला सराव चुकीचीच सवय पक्की करतो. मोबाइलवर मुद्रण करून निम्म्या वेगाने ऐका. दोन हात एकत्र पडत नसतील तर प्रत्येक सुराआधी बारीक 'चिक्' ऐकू येतो.

१९९४ च्या 'अवेक'मधली 'द मिरर' आणि 'लाय' सात तारांच्या गिटारवर आहेत. सहा तारांची गिटार खाली उतरवून वाजवायची असेल तर जाड तारांचा संच लावा, नाहीतर सगळ्यात खालची तार ढिली पडून सूर भरकटतो.

---

आडवाट

वाद्यांची गाणी लावली, 'एरोटोमेनिया' फारच आवडलं. पुढे काय?

---

सातवी_तार

@आडवाट, मग वाट सापडली. 'एरोटोमेनिया' सुटं नाही. 'अवेक'मध्ये त्याच्यामागोमाग 'व्हॉइसेस' आणि 'द सायलेंट मॅन' येतात, तिघांची मिळून एक मालिका आहे. तिन्ही सलग ऐका, गायकीची सवय तिथे हळूच लागेल. मग अख्खा 'अवेक'. केव्हिन मूरचा हा शेवटचा अल्बम, आणि शेवटचं 'स्पेस-डाय व्हेस्ट' त्याचंच. रात्री ऐका.

ओळखीची सुरावट परत भेटण्याचा आनंद 'इमेजेस अँड वर्ड्स'मध्येही आहे. 'वेट फॉर स्लीप'चा पियानो लगेच पुढच्या 'लर्निंग टू लिव्ह'च्या उत्तरार्धात डोकावतो. याहून लांब पल्ल्याचं हवं असेल तर माइक पोर्टनॉयची व्यसनमुक्तीवरची पाच गाणी: 'द ग्लास प्रिझन', 'धिस डाइंग सोल', 'द रूट ऑफ ऑल ईव्हिल', 'रिपेंटन्स', 'द शॅटर्ड फोर्ट्रेस'. २००२ ते २००९, पाच अल्बममध्ये एकेक, मिळून ५७ मिनिटं. व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्या पाच गाण्यांत वाटल्या आहेत. जुने रिफ आणि शब्द पुढच्या गाण्यात परत येतात, आणि पाचव्यात सगळे एकत्र जमतात. आधी पाचवं ऐकलं तर ठिगळं लावल्यासारखं वाटेल. क्रम मोडू नका.

---

खर्ज

सुटण्याच्या जागाही नोंदवून ठेवू. २०१६ चा 'द अ‍ॅस्टॉनिशिंग' पहिला ऐकू नका. ३४ तुकडे, दोन तासांहून मोठी संगीतिका, पात्रांची नावं आणि प्रदेश लक्षात ठेवावे लागतात. बँडची भाषा अंगवळणी पडल्यावर तो सुंदर आहे. १९९७ चा 'फॉलिंग इंटू इन्फिनिटी' रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहाखाली झाला, लहान गाणी हवी होती त्यांना. त्यावरून बँडचा अंदाज बांधू नका. 'इमेजेस अँड वर्ड्स'च्या ड्रमला लोक नाकं मुरडतात. स्नेअरचा (संचातल्या मुख्य ड्रमचा) ठोका ट्रिगरने, म्हणजे आघाताच्या जागी आधीच मुद्रित केलेला आवाज बसवून, बदललेला आहे, म्हणून प्रत्येक आघात एकाच जोराचा वाटतो. पोर्टनॉयचा खरा हात पाहायचा तर 'लाइव्ह अ‍ॅट बुडोकान' (२००४).

आणि 'पोर्टनॉय की मंजिनी' या वादात नव्या माणसाला ओढू नका. पोर्टनॉय २०१० मध्ये बाहेर पडला, त्याच्या जागी आलेल्या मंजिनीने पाच अल्बम वाजवले, त्यातल्या २०२१ च्या अल्बममधल्या 'द एलियन'ला ग्रॅमी मिळालं, पोर्टनॉय २०२३ मध्ये परतला. दोघांचंही ऐकावं. मंजिनीचं वादन काटेकोर, पोर्टनॉयचं गाण्याच्या चढउताराबरोबर झुकणारं.

---

पहाटवारा

@कानसेन, धन्यवाद, २४ मिनिटं कशी गेली कळलं नाही. याच अंगाचं, पण थोडं वेगळं काही?

---

कानसेन

ओपेथचा 'डॅमनेशन' (२००३). एरवी घोगरं गाणाऱ्या बँडचा हा पूर्ण शांत अल्बम, घोगरेपणा औषधालाही नाही. निर्मितीत स्टीव्हन विल्सन. त्याचा पॉर्क्युपाइन ट्री हा बँड २००९ च्या डिसेंबरात पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजून गेला आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याकडे त्याचे चाहते बरेच सापडतील. आपल्याकडचं हवं तर स्कायहार्बर. दिल्लीच्या केशव धरने उभा केलेला बँड, पहिला अल्बम २०१२ चा, तेव्हाचा मुख्य गायक टेसरॅक्ट या बँडचा डॅनियल टॉम्पकिन्स.

---

नादखुळा_कोल्हापूर

एक शेवटचं. २०२५ चा 'पॅरासोम्निया' ताजा आहे, सगळीकडे पुढे येतो. तो पहिला म्हणून द्यावा का?

---

सातवी_तार

देता येईल, अट एकच. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने, एका बैठकीत. ७ फेब्रुवारी २०२५ ला आला, आठ तुकडे, ७१ मिनिटं, विषय झोपेचे विकार. पोर्टनॉयसह २००९ नंतरचा पहिलाच. सुरावटी इथेही परतून येतात. शेवटचं 'द शॅडो मॅन इन्सिडंट' साडेएकोणीस मिनिटांचं आहे, ते सुटं लावू नका. सुरुवातीच्या 'इन द आर्म्स ऑफ मॉर्फियस'मध्ये गायकी नाही. ते आधी दोनदा ऐका आणि त्यातल्या सुरावटी गुणगुणता आल्या की पुढे सरका.